चौथा दोष

महिपत सरफरे निवृत्त व्हायला चार महिने उरले होते, आणि निवृत्तीला आलेला माणूस जे जे करतो ते सगळं त्यांनी सुरू केलं होतं. टेबलाचे खण उपसायचे, सापडेल त्या चिठोऱ्यावर वैतागायचं, आणि समोर कुणी आला की त्याला बसवून गुणाजी धुमकची गोष्ट ऐकवायची. १९८९ साली रत्नागिरीच्या टेलिफोन कचेरीत ती गोष्ट निदान दोनदा ऐकली नाही असा माणूस शोधून सापडला नसता.

नवे बदलून आलेले इंजिनिअर तेवढे बाकी होते. एका दुपारी तेही सापडले. सरफऱ्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर चौकटीत एक प्रमाणपत्र होतं, गुणाजीच्या नावाचं. ते वाचून इंजिनिअर म्हणाले, "ही परीक्षा तुम्हीही पास आहात ना? जिल्ह्यात पहिले तुम्हीच, असं ऐकलं. मग तुमचं प्रमाणपत्र कुठंय?"

"खणात," सरफरे म्हणाले. "भिंत जांभ्याची आहे, साहेब. खिळा ठोकला की भुगा पडतो. अख्ख्या भिंतीत हा एकच खिळा धरला. एकच टांगायचं, तर चांगलं होतं ते टांगलं."

इंजिनिअर हसले. म्हातारा विनयाने बोलतोय असं त्यांना वाटलं असावं. विनयाशी सरफऱ्यांची कधी तोंडओळखही नव्हती, पण नवीन माणसाला ते कुठून कळणार? सरफऱ्यांनी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि गोष्ट सुरू केली. त्या गोष्टीतलं एक पान ते दरवेळी गाळत असत. आपण ते गाळणार नाही.

संगणक दुसऱ्या गावच्या संगणकाशी टेलिफोनच्या तारेवरून बोलतो, ही गोष्ट तेव्हा रत्नागिरीत सांगितली असती तर लोकांनी सांगणाऱ्याला उन्हाला लागलंय म्हणून ताक पाजलं असतं. पण खात्याला पुढचं दिसत होतं. आज ना उद्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांत संगणक येणार, त्यांच्या तारा सांभाळायला माणूस लागणार. म्हणून खात्याने एक परीक्षा काढली होती. आधी लेखी, सगळी इंग्रजीत. ती पास झाली तर प्रात्यक्षिक. घाटावरच्या एका मोठ्या शहरात प्रशिक्षण केंद्र होतं, तिथे एका लांबलचक खोलीत दोन टोकांना दोन संगणक, मध्ये मोडेमच्या पेट्या आणि तारांचं जंजाळ. त्यात परीक्षक गुपचूप तीन दोष घालून ठेवत. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळात ते शोधायचे, काढायचे, आणि छापील फॉर्मवर सही करायची : 'सर्किट निर्दोष आहे.' चुका मोजणारं एक यंत्र शेजारी टिकटिकत असे. इकडून पाठवलेलं एखादं अक्षर तिकडे चुकीचं पोचलं की त्याचा आकडा एकाने पुढे सरके. शंभर माणसं बसली तर तीन-चार पास होत. उभ्या नोकरीत संधी फक्त तीन.

सरफरे १९८२ साली पहिल्या फटक्यात पास झाले होते. लांज्याच्या या गड्याचं नाव तेव्हापासून जिल्ह्यातल्या प्रत्येक एक्स्चेंजमध्ये मानाने घेतलं जाई, आणि ते घेतलं जातंय की नाही इकडे त्यांचं बारीक लक्षही असे.

१९८४च्या गणपतीनंतर एक दिवस लाइनमन गुणाजी धुमक त्यांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. वय छत्तीस, जुनी अकरावी, देवरूखच्या पुढे डोंगरात वाडी. घरातले बाकीचे बाप्ये मुंबईला, हा एकटाच टेलिफोनच्या खांबांपायी इकडे राहिलेला. खांबावरून एकदा पडला होता, तेव्हापासून उजवा गुडघा दुखायचा. बोलणं कमी आणि तेही जमिनीकडे बघून.

"सायेब, ती तुमची परीक्षा लायनमनला देता येता काय?"

सरफरे हसले. चांगले खो खो हसले. पुढे गोष्ट सांगताना हे हसणं ते कधी लपवत नसत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. नियमांचं पुस्तक काढून बघितलं तर लाइनमनला बसायला बंदी नव्हती. बहुधा नियम लिहिणाऱ्याच्या ते डोक्यातच आलं नसावं.

"पुस्तक इंग्रजीत आहे, गुणाजी. चारशे बारा पानं. एकच प्रत आहे आणि कचेरीबाहेर न्यायची नाही."

"मंग हितंच वाचतू," गुणाजी म्हणाला.

वाचलं नाही, उतरून काढलं. दुपारच्या सुट्टीत भाकरी खाऊन उरलेल्या पाऊण तासात तो रोज दोन पानं उतरवायचा. आकृत्यांसकट. आठ महिने. ट्रंक ऑपरेटर मथुरा शेट्ये शेजारच्या खोलीत बसायची. तिचं इंग्रजी चांगलं होतं. गुणाजी अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने टिंब द्यायचा आणि सुट्टी संपता संपता तिच्या खिडकीशी जायचा. पहिल्या महिन्यात टिंबांनी पान देवी आल्यासारखं दिसायचं. सहाव्या महिन्यात पानाला चार टिंबं. मथुरा एकदा सरफऱ्यांना म्हणाली, "त्याने आज मला विचारलेला शब्द मलाच येत नव्हता. डिक्शनरी घेऊन यायला लागली."

तरी पहिल्या वर्षी तो लेखीतच नापास झाला. पाच मार्कांनी. उत्तरं येत होती, पण खुर्चीत बसलं की आठवत नव्हती.

त्यावर त्याने जो उपाय काढला तो ऐकून सरफरे पहिल्यांदा हसायचे थांबले. गुणाजीने प्रश्न खांबांना बांधले. रत्नागिरीहून हातखंब्याकडे जाणारी लाइन त्याच्या पायाखालची. त्याने एकेका खांबाला एकेक प्रश्न देऊन टाकला. लाइन तपासत चालायचं आणि खांब आला की त्याचं उत्तर मोठ्याने म्हणायचं. कुवारबावच्या वळणावरच्या खांबाला मोडेमची व्याख्या, पुढच्या वाकड्या खांबाला चुका ओळखायच्या पद्धती, काजूच्या झाडाशेजारच्या खांबाला आवाज आणि संदेश यांचं प्रमाण. सरफरे एक दिवस परीक्षा घ्यायला म्हणून त्याच्याबरोबर चालत गेले. दीडशे खांब, दीडशे उत्तरं, एक चूक नाही. वाटेत गवताचा भारा घेऊन चाललेली एक बाई थांबली आणि खांबाशी इंग्रजीत बोलणाऱ्या या माणसाकडे बघून सरफऱ्यांना म्हणाली, "ह्यांना घरी न्हेवा हो." दुसऱ्या वर्षी लेखी परीक्षेला बसल्यावर गुणाजीने डोळे मिटले आणि मनातल्या मनात कुवारबावपासून चालायला लागला. ब्याऐंशी मार्क मिळाले.

मग प्रात्यक्षिक. तिथे त्याला सरफऱ्यांनी बुडवलं.

हे जरा समजावून सांगायला हवं. टेलिफोनच्या कुठल्याही कचेरीबाहेर एक खड्डा असतो. त्यात कोळसा, मीठ आणि तांब्याची पट्टी. यंत्रांमधली भटकी वीज त्या पट्टीवरून जमिनीत जिरते. त्याला अर्थिंग म्हणतात. आपला जांभा पावसाळ्यात भरपूर पाणी पितो आणि होळीनंतर ठणठणीत कोरडा होतो. कोरड्या जमिनीत वीज जिरत नाही, मग ती तारांत शिरते. माणसं बोलत असतील तर नुसती खरखर ऐकू येते आणि काम भागतं. म्हणून आमच्याकडे लांजा असो, देवरूख असो की रत्नागिरी, होळीपासून पाऊस लागेपर्यंत रोज सकाळी चार बादल्या पाणी खड्ड्यात ओतायचं. कचेरीत आल्यावर चहाच्या आधी हे काम. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्याची मोटर सुरू झाली की लाइनवर घरघर येते काय ते ऐकायचं. आली तर आणखी दोन बादल्या. सरफऱ्यांनी वीस वर्षं प्रत्येक लाइनमनला हेच घोकवलं होतं : दोष आला की आधी खड्डा बघ.

गुणाजीने परीक्षेत आधी खड्डा बघितला. मे महिना, यंत्रावर चुका दिसतायत, मग दुसरं काय बघणार? केंद्राच्या मागे जाऊन खड्डा शोधण्यात, त्याचं गंजलेलं झाकण उघडायची परवानगी मागण्यात आणि बादली मागण्यात त्याचे तीन तास गेले. बादली कुणी दिली नाहीच. दोष त्याच्या नाकासमोर होते : उलट्या जोडलेल्या तारा, सैल पिन, चुकीच्या खटक्यावर ठेवलेलं मोडेम. पाच वाजेपर्यंत त्याला एकच सापडला. परीक्षकांनी त्याला 'रत्नागिरीचा पाणीवाला' असं नाव ठेवलं आणि ते हसत हसत खात्यात सगळीकडे पोचलं.

सरफऱ्यांना ते फार लागलं. हसू गुणाजीचं झालं होतं, पण शिकवण त्यांची होती. तिसऱ्या आणि शेवटच्या संधीआधी त्यांनी गुणाजीला समोर बसवलं.

"घाटावरची माती काळी आहे. ओल धरते. तिथे अर्थिंग बिघडत नाही. या वेळी तू मातीकडे बघायचं नाहीस. कबूल?"

"कबूल."

"असं नाही. माझ्या हातावर हात ठेवून सांग."

गुणाजीने हात ठेवला. सरफऱ्यांनी मग कपाटातून आपली परीक्षेच्या वेळची वही काढून त्याला दिली. बारीक अक्षरात सगळी टिपणं, सरावाची मापं, पानापानावर. ती त्यांनी आजवर कुणाला हात लावू दिली नव्हती.

या संधीवर काय होतं ते कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. कलेक्टर कचेरीत पुढच्या वर्षी संगणक येणार हे पक्कं झालं होतं. त्याची लाइन सांभाळायला गुणाजी पास झाला तर गुणाजी, नाहीतर बाहेरचा कुणीतरी. आणि पास झाला नाही तर गुणाजीने तो दुखरा गुडघा घेऊन अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत खांब चढायचे. परीक्षा पुन्हा कधीच देता येणार नव्हती.

१९८७च्या मे महिन्यात तो गेला आणि चौथ्या दिवशी दुपारी परत आला. एस.टी.तून उतरून घरी न जाता पिशवीसकट सरळ कचेरीत. मथुरा हेडफोन गळ्यात टाकून दारात आली. सरफरे खुर्चीतून उठलेच.

"किती सापडले?"

"तिन्ही. तीन वाजायच्या आदीच."

"सगळे?" सरफऱ्यांनी टेबलावर थाप मारली. "शाबास! मग सही केलीस, दिलंस आणि सुटलास!"

गुणाजी जमिनीकडे बघत होता. "सई नाय केली."

सरफऱ्यांना आधी ते नीट ऐकूच आलं नाही, किंवा आलं तरी पटलं नाही. गुणाजीने पिशवी खाली ठेवली आणि एवढी वर्षं साठवल्यासारखा एकदम बोलायला लागला.

"तीन दोष काडले नि यंत्राकडं बगत बसलू. आपल्याकडं दोष काडल्यावर तासभर ऐकल्याशिवाय रजिस्टरात लिवत नाय, तसाच. तीन वाजता आकडा एकाने सरला. मंग गप. तीन वीसला परत एक. तीन चाळीसला परत एक. सायेब, घड्याळ लावून येणारा दोष तारेत नसता. चाय प्यायला म्हणून कँटीनात गेलू. चार वाजता तितला फ्रीज गुर्र करून सुरू झाला. परत येऊन बगितला, आकडा सरलेला. आपल्या बर्फाच्या कारखान्यासारखा."

"गुणाजी," सरफरे हळूच म्हणाले, "तू मातीकडे बघितलंस."

"बगितला. खड्ड्यावर त्यांनी कँटीनची पडवी काडलीय. किती वर्सं पावसाचा थेंब पडला नसंल तितं. काळी माती झाली तरी पानी नाय मिळाला तर ती काय करणार?"

"परीक्षकांना सांगितलंस?"

"सांगितला. ते बोलले, आमी तीन दोष घातले, तुला तीन सापडले. ही एकदोन चूक हितं कायमची हाय, सगळे सोडून देतात. सई कर नि जा. मी बोल्लू, फॉर्मवर निर्दोष लिवलाय नि हा निर्दोष नाय. ते बोलले, सई नाय केलीस तर काम अपुरा धरतील. मंग मीच चार बादल्या पानी आनून खड्ड्यात ओतला. तितला शिपाई हसत हुता, तरी बादली त्यानंच दिली. पन पानी मुरायला रात जाते. पाच वाजले. मी फॉर्मवर लिवला : तीन दोष काढले. चौथा बाकी आहे, अर्थिंग कोरडं. पाणी घातलं आहे. उद्या पाहून सही करीन."

"उद्या पाहून सही करीन!" सरफरे ओरडले. पलीकडच्या खोलीतल्या ऑपरेटर मुली वळून बघायला लागल्या. "अरे मेल्या, परीक्षेला उद्या असतो काय? तीन वर्षं घासलीस, चारशे पानं उतरवलीस, खांबांशी बोललास, आणि एका सहीसाठी सगळं पाण्यात घातलंस? माझ्या हातावर हात ठेवला होतास!"

"व्हय," गुणाजी म्हणाला. "तेवढा चुकला माजा."

आणि पिशवी उचलून गेला.

सरफरे खाली बसले. मथुराला वाटलं रागाने. राग होताच, पण तो कुणावर होता ते तिला कळणं शक्य नव्हतं. हेच ते गाळलेलं पान. १९८२ साली त्याच खोलीत, त्याच यंत्रासमोर महिपत सरफरे बसले होते. त्यांनीही तीन दोष काढले होते. आणि वीस वीस मिनिटांनी आकडा एकाने सरकलेला त्यांनीही बघितला होता. बघितला, अस्वस्थ झाले, परीक्षकांकडे मान वळवली. परीक्षक म्हणाले, "ते असतंच. करा सही." घड्याळात पाचला दहा मिनिटं होती. 'सर्किट निर्दोष आहे' याखाली सरफऱ्यांनी ठळक अक्षरात सही केली. त्या सहीवर मिळालेलं प्रमाणपत्र पाच वर्षं त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर टांगलेलं होतं.

आपण केलेली सही खोटी होती, हे त्यांना माहीत होतं. दोष कशाचा होता हे मात्र त्यांना आज, गुणाजीच्या तोंडून कळलं.

निकालाला सात आठवडे लागले. या सात आठवड्यांत गुणाजी रोजच्यासारखा खांब चढत राहिला. कचेरीत कुणी विषय काढला नाही. सरफरे त्याच्याशी कामापुरतं बोलत, आणि बोलताना पहिल्यांदाच तेही जमिनीकडे बघत. एकदा मथुराने विचारलं, "तो पास होईल काय हो?" सरफरे म्हणाले, "नाही." मग म्हणाले, "पण त्याच्यासारखा लाइनमन मी बघितला नाही. माझ्यासकट." मथुराने तो शेवटचा शब्द ऐकला आणि पुढे काही विचारलं नाही. चांगली ऑपरेटर होती ती.

जुलैच्या तेवीस तारखेला लांब पाकीट आलं, कचेरीच्या नावाने. सरफऱ्यांनी फोडलं. वर एक पत्र होतं, मुख्य परीक्षकांच्या सहीचं. उमेदवार श्री. धुमक यांनी खड्ड्यात पाणी घातल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीतील यंत्रावर वीस मिनिटांनी येणारी चूक बंद झाली आहे. ही चूक केंद्र सुरू झाल्यापासून होती. तेव्हा रत्नागिरीत किती पाणी, किती मीठ, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत घालतात, याची सविस्तर माहिती कृपया पाठवावी. आणि पत्राला टाचलेलं, गुणाजी धुमक या नावाचं प्रमाणपत्र.

सरफऱ्यांनी ते दोनदा वाचलं. मग टेबलावर चढून खिळ्यावरचं स्वतःचं प्रमाणपत्र काढलं, त्याच चौकटीत गुणाजीचं घातलं आणि टांगलं. गुणाजी लाइनवरून आला तेव्हा मथुरा आणि सगळ्या ऑपरेटर मुली खोलीत दाटीवाटीने उभ्या होत्या. त्याने भिंतीकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पुसायचंसुद्धा त्याला सुचलं नाही.

सगळे गेल्यावर तो म्हणाला, "तुमचा कशाला काडलात, सायेब? ऱ्हायला असता की."

"दार लाव," सरफरे म्हणाले. त्याने लावलं. "गुणाजी, मी सही केली होती. ब्याऐंशी साली. मला तो आकडा दिसत होता. वीस मिनिटांनी एक, वीस मिनिटांनी एक. दिसत होता आणि मी सही केली."

आजवर कुणासमोर न वाकलेला हा माणूस हे सांगताना जमिनीकडे बघत होता.

"म्हायती हाय मना," गुणाजी म्हणाला.

"कसं माहिती?"

"तुमच्या वहीत हाय. शेवटच्या पानावर. पेन्सिलीनं बारीक. चार वाजता एक, चार वीसला एक, चार चाळीसला एक. वर रेघ मारलीय, पन वाचता येता. परीक्षेच्या आदल्या दिवशी मना ता दिसला. म्हणून तर मी आकड्याकडं बगत बसलू. नायतर तीन वाजायच्या आदीच सई करून उठलू असतू." त्याने मान वर केली. "ज्याला लपवायचा असता तो लिवून ठेवत नाय, सायेब."

आपण तसं काही लिहिलं होतं, हेच सरफरे विसरून गेले होते.

नव्या इंजिनिअरांना गोष्ट सांगताना सरफरे प्रमाणपत्रापाशी थांबले. कायम तिथेच थांबत. "असा हा गुणाजी," ते म्हणाले. "आज कलेक्टर कचेरीतली लाइन तोच सांभाळतो. वर्षभरात एक तास बंद नाही. आणि ते केंद्र आता रोज सकाळी खड्ड्यात पाणी घालतं." इंजिनिअर कौतुकाने मान हलवून गेले.

त्याच आठवड्यात गुणाजी आला. "तुमी जाताय आता, ही तुमची वही," म्हणून ती जुनी वही टेबलावर ठेवली, आणि कलेक्टर कचेरीत काम आहे म्हणून लगेच निघून गेला. दोन वर्षं वही त्याच्याकडेच होती.

सरफऱ्यांनी शेवटचं पान काढलं. त्यांची ती पेन्सिलीची तीन मापं, त्यावर मारलेली रेघ. त्याखाली गुणाजीने शाईने रकाने आखले होते, आपल्या कचेरीतल्या दोषांच्या रजिस्टरात असतात तसे. त्या रजिस्टरात एक रकाना दोष कुणी शोधला याचा आणि दुसरा तो कुणी काढला याचा. या दोन नावांवरून सरफऱ्यांनी लाइनमन लोकांना जन्मभर छळलं होतं : दुसऱ्याने शोधलेल्या दोषापुढे स्वतःचं नाव लिहिलं तर खबरदार, म्हणून. गुणाजीने भरलं होतं :

दोष : अर्थिंग कोरडं. शोधला : म. सरफरे, १९८२. काढला : गु. धुमक, १९८७.

शेवटचा रकाना तपासून सही करणाऱ्याचा. तो दोन वर्षं मोकळाच होता.

सरफऱ्यांनी मथुराला हाक मारली आणि घाटावरच्या त्या केंद्राला ट्रंक कॉल लावायला सांगितला. लागायला पाऊण तास गेला. तोवर ते पेन हातात धरून बसून राहिले. लाइन लागली तेव्हा त्यांनी तिकडच्या माणसाला एवढंच विचारलं की त्या खोलीतल्या यंत्रावर अलीकडे चुका येतात काय. "नाही हो," पलीकडून आवाज आला, "एकही नाही. आपण कोण बोलताय?"

"महिपत सरफरे," ते म्हणाले, आणि फोन कानाला तसाच धरून त्यांनी सही केली.